खळ्यावरची बाद फेरी

होळी झाली की आमच्या चाकणकडच्या वाऱ्याला कांद्याचा वास येतो. पूर्वी तो नुसता कांद्याचा असायचा. आता त्यात कंपन्यांमधल्या तेलाचा, तापलेल्या रबराचा आणि शिफ्ट सुटल्यावर ओळीने निघणाऱ्या बसगाड्यांच्या धुराचा वास मिसळलेला असतो, आणि माझ्या नाकाला त्या सगळ्याची मिळून एकच सवय झाली आहे. तो वास आला की मी दोन कामं काढते. कांदा चाळीच्या फळ्या तपासते आणि चष्म्याची काच पुसते. कारण ह्याच दिवसांत कुठल्या तरी लांबच्या शहरात मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल चषकाची बाद फेरी सुरू होते, आणि आमच्या अंगणात पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा राहतो.

परवा अशीच मॅच लागली होती. आमच्या खोल्यांत नवी राहायला आलेली वाशीमची पोर माझ्याकडे बघत राहिली. नऊवारीतली म्हातारी पाटावर बसून "अगं, रिकामी हाय ती उजवीकडली, तिला दे!" म्हणून ओरडते, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आजी, तुमाला ऑफसाइड कळतं?"

"मला कळतं. त्या रेफ्रीला कळत न्हाई."

पोरी हसल्या. पण ही विद्या काही मी पोटातून घेऊन आले नव्हते. ती मला आली सात-आठ वर्षांपूर्वी, एकाच उन्हाळ्यात. तेव्हा मी तरुण होते, एकसष्ट वर्षांची. अंगात रग होती, दोन्ही गुडघे जन्मापासूनचे होते, आणि अक्कल अजून यायची होती. त्या बाईची आठवण आली की मला तिचा कान पिळावासा वाटतो, आणि लगेच तिला जवळही घ्यावंसं वाटतं. पण पहिल्यांदा कान.

आमची चार एकर जमीन कंपन्यांना गेली. जिथे माझी गाय बांधलेली असायची, तिथे आता मोटारींचे दरवाजे बनतात म्हणे. उरलं ते एकरभर रान, त्याच्या एका अंगाला कंपनीची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला आमचं घर आणि गाईचा गोठा. घराच्या कडेने माझ्या मुलाने, विलासने, ओळीने खोल्या बांधल्या. त्यांत कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेल्या पोरी राहायला येतात. निळे शर्ट, पायात लोखंडी टोकाचे बूट, पाठीला डबा. सकाळी फाटकातून जाताना शाळेतल्या मुलींसारख्या दिसतात आणि संध्याकाळी परत येताना बायांसारख्या.

त्यांची घरमालकीण म्हणजे मी. मी पुठ्ठ्यावर नियम लिहून नळाजवळ टांगले होते. पुढच्या दोरीवर कपडे वाळत घालू नयेत. साडेसातनंतर फाटकाबाहेर जाऊ नये, शिफ्ट असेल तरच. नळ टपकत ठेवू नये. आणि शेवटचा नियम होता, मोठ्याने हसू नये. तो मीच लिहिला ह्याची आज मला लाज वाटते, कारण आमच्या सगळ्या आळीत सर्वांत मोठ्याने मीच हसते. पण एकसष्टाव्या वर्षी माणसाला वाटतं की आपण मोठे झालो, आता जरा कपाळाला आठी पाहिजे.

खोल्यांतल्या पाच पोरी फुटबॉल खेळायच्या. पिंपरीत एका मैदानावर त्यांचा संघ होता, तिथे सुट्टीला जायच्या. एरवी शिफ्ट सुटली की आमच्या रिकाम्या रानात. दोन वासे रोवलेले, वर बैलाची जुनी दोरी बांधलेली, झाला गोल. पोरी बॉलमागे धावायच्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून कांद्याची पात कापत बसायचे. पाठ केली तरी कान उघडेच असायचे. बॉलला लाथ बसली की जो 'धप्' आवाज येतो, तो मला पीठ मळून परातीत आपटल्यासारखा वाटायचा. बरा वाटायचा. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नसतं.

एके दिवशी तो बॉल भिंतीवर आपटून थेट माझ्या ओल्या कुरडयांत येऊन बसला. सकाळपासून घातलेल्या, फुलासारख्या एकेक टपोऱ्या कुरडया. मी बॉल उचलला, चिकाने बरबटलेला, आणि चाळीत कांद्यांवर ठेवून कुलूप लावलं. जरा वेळाने एक पोर एकटीच आली. शीतल तिचं नाव. जिंतूरकडची, हडकुळी, हात मात्र गुडघ्याला टेकतील असे लांब. हातात कंपनीतले रबरी ठिपक्यांचे मोजे. ती गोलकीपर होती.

"आजी, बॉल द्या ना."

"कुठला बॉल?"

"चाळीत कांद्यावर ठेवलाय तो."

"तो कांदाच हाय. औंदा जरा मोठा निघालाय."

ती हसली नाही. मला जरा राग आला, कारण विनोद बरा झाला होता.

"आजी, आमची टीम राष्ट्रीय चषकाच्या बाद फेरीत गेलीय. चार दिसांनी मॅच हाय. हरलो की मला घरी जावं लागतंय."

"सगळ्यांनाच घरी जावं लागतं की. मैदानात झोपणार व्हय?"

"तसं न्हाई. जिंतूरला. कायमचं."

मग तिने सांगितलं, दोन हात पाठीमागे धरून, शाळेत कविता म्हणावी तसं. वडलांनी सेलूचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. ती म्हणाली, आत्ता नको, मला अजून शिकायचंय, खेळायचंय. वडील काही कजाग नव्हते. त्यांनी फोनवर एकच अट घातली. जिंकायलीस तवर खेळ, हरलीस की बॅग भर.

बाद फेरी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. साखळी सामन्यांत एकदा हरलं तर पुन्हा तोंड दाखवायला जागा असते, हे मला नंतर पोरींनी समजावलं. बाद फेरीत नसते. एक दिवस वाईट गेला की खेळ खलास. शीतलला तर नुसता खेळच नव्हे, कंपनी, खोली, मैत्रिणी, सगळंच.

मला माझी वेळ आठवली. आमच्या काळी मुलगी बघायला यायचे ती बाद फेरीच असायची. मी एकोणीस वर्षांची, अंगात मोठ्या बहिणीचं लुगडं, हातात पोह्यांची बशी. समोर 'हे' बसले होते, मान खाली घालून, जणू त्यांनाच दाखवायला आणलं होतं. एका फेरीत निकाल लागला. त्यांनी मला निवडलं की मी त्यांना, हे त्यांच्याशी चाळीस वर्षं संसार करूनही मला कळलेलं नाही. माझं बरं गेलं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि हातात मोजे घालून "आत्ता नको" म्हणण्याची अक्कल त्या पोह्यांच्या बशीवालीला नव्हती. तिला एवढीच काळजी होती की पोह्यांत मीठ पडलंय का.

मी कुलूप काढलं आणि बॉल दिला. दया आली म्हणून नव्हे, तो कांदे दाबत होता म्हणून, असं मी मनाशी ठरवलं.

पोरी परराज्यात गेल्या. रेल्वेने जाणं, मॅच, येणं, सगळे मिळून सहा दिवस. कंपनीत रजा मागून, शिफ्टची अदलाबदल करून. मी विलासला म्हटलं, "जरा तो मोबाइल लाव रं." तो माझ्याकडे बघतच राहिला. आम्ही दोघांनी मॅच पाहिली. मला बॉल दिसत नव्हता, नुसत्या मुंग्या पळताना दिसत होत्या, पण एका टोकाला एक लांब हातांची मुंगी उभी होती, ती मी ओळखली. ती दारावर उभी होती. आत यायचं नाही, असं सगळ्यांना सांगत. हेच काम तर मी फाटकात उभी राहून करत होते! त्या क्षणी मला फुटबॉल कळला. निदान मला तसं वाटलं.

आमच्या पोरी एका गोलने जिंकल्या. शीतलच्या वडलांचा निरोप आला, बरं, खेळ. आणि मी, म्हणजे ती एकसष्ट वर्षांची उंडगी पोर, कमरेला पदर खोचून उठली. पोरी परत यायच्या आत त्यांना काहीतरी भेट द्यायची, असं तिच्या मनाने घेतलं.

पोरींची एक तक्रार मी नेहमी ऐकायचे. रानात ढेकळं आहेत, कांद्याची धसकटं आहेत, बॉल कुठंही उडतो. मी तरी कशाला वाट बघू? चांगली जमीन कशी करतात हे मला शिकवायला कुणी नको होतं. माझ्या सासूने शिकवलं होतं, तिला तिच्या सासूने. आम्ही खळं करायचो. सुगीला ज्वारी-गव्हाची मळणी करायची तर आधी रानात एक तुकडा भिजवायचा, बैल फिरवून दाबायचा, धुमसाने, म्हणजे जड लाकडी ठोकळ्याने चोपायचा, शेणकाल्याने सारवायचा, आणि उन्हात कडक होऊ द्यायचा. मग त्यावर दाणा पडला तर टण्णकन उडायचा, मातीचा कण लागायचा नाही. आता मळणी यंत्राने होते, खळी मोडली. पण माझ्या हातांना ते काम पाठ होतं, आणि वीस-पंचवीस वर्षांत त्यांना कुणी ते सांगितलं नव्हतं.

मी रान भिजवलं. शेजारच्यांचा ट्रॅक्टर आणि रोलर आणला. बैल नव्हते, त्याला माझा इलाज नव्हता. दोन्ही वाशांच्या मधली जागा, जिथे शीतल उभी राहायची, ती मात्र मी स्वतः चोपली. गोलकीपरची जागा म्हणजे देवघरच की. तिथे मी शेणकाल्याचे दोन हात जास्त दिले. विलास शिफ्टवरून आला, डबा हातात तसाच, आणि बघत उभा राहिला.

"आई, हे काय चाललंय?"

"पोरींना मैदान करून देतेय."

"आई, इथं पोरी पडत्यात. दाणे न्हाई."

"तुला काय कळतंय? तू जन्मभर नट पिळलेस."

विलासचं वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. माझ्या मुलाने मला एका ओळीत सगळं सांगितलं होतं.

पोरी आल्या. रान असं झालं होतं, काय सांगू! संध्याकाळच्या उन्हात पितळी ताटासारखं चमकत होतं. शेणाचा, ओल्या मातीचा, वाळत्या कांद्याचा वास. पोरी कडेला उभ्या राहिल्या, कुणी बोलेना. मला वाटलं, आनंदाने वाचा बसली. एकीने बॉल सोडला, तो घरंगळत गेला तो थेट भिंतीला लागला. शीतलने चप्पल काढली, तळवा खळ्यावरून फिरवला आणि म्हणाली, "आजी, आमच्याकडं बी असंच करायचे आधी. लई भारी केलंत."

मी त्या रात्री स्वप्नातही खळंच सारवत होते.

आता ऐका पुढचं. मी संध्याकाळी दूध काढून, दिवाबत्ती करून रानात जायचे तेव्हा पोरींचं पळणं चाललेलं असायचं. त्या हसून म्हणायच्या, "या आजी." एके दिवशी मी लवकर गेले. बघते तर वाशांच्या मधे माझ्या चाळीतली गोणपाटं अंथरलेली, चारपदरी, आणि शीतल त्यांच्यावर अंग टाकून बॉल अडवतेय. मला पाहताच दोघी धावल्या आणि गोणपाटं गोळा करायला लागल्या, जसं काही चोरी सापडली.

"हे गोणपाट कशाला?"

एक म्हणाली, "ऊन लागतंय आजी." दुसरी म्हणाली, "चिकटतंय." मग मी शीतलचं कोपर पाहिलं. सालटं निघालेलं, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा वर, सुजलेला. गुडघे सगळ्यांचेच खरवडलेले. दहा दिवस त्या माझ्या खळ्यावर पडत होत्या, आणि मी यायच्या वेळेला गोणपाटं उचलून मला हसून दाखवत होत्या.

"मला सांगायचं न्हाई व्हय गं?"

शीतल पायाच्या अंगठ्याने खळं उकरत होती. उकरलं जात नव्हतं. "तुमी एवढं हातानं सारवलंत आजी. कसं सांगावं?"

इथे त्या बाईचा दुसरा कान पिळायचा आहे. शहाण्या माणसाने तिथल्या तिथे कुदळ आणली असती. मी काय केलं? मी म्हटलं, "आता मॅचला चार दिवस राहिले, आता कशाला उकरायचं? आणखी चार पोती देते." चूक झाली हे तोंडातून निघत नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी माणूस फार हट्टी असतं. ते वय वाईटच. सत्तरीकडे गेलं की जरा निवळतं. मी आंबेहळद उगाळून गरम लेप लावला, पट्टी बांधली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, सगळं केलं. फक्त ते दोन शब्द बोलले नाही.

पुढच्या सामन्याचं नाव उपांत्यपूर्व. ते म्हणेपर्यंत मॅच अर्धी संपते. ही मॅच पिंपरीच्या मैदानावर होती, म्हणून मी गेले. विलासच्या मोटरसायकलवर मागे, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. संघाच्या सरांनी शीतलचा खांदा दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. पण दुसरी गोलकीपर बारावीच्या पेपरला बसलेली होती. शीतल म्हणाली, "सर, मी उभी राहते." मी डब्याचं झाकण उघडत आणि लावत बसले.

मॅच संपली तेव्हा दोन्हीकडे शून्य होतं. मला वाटलं, झालं, कुणाचंच मन मोडलं नाही. मी उठले, लाडू वाटायला लागले. आमच्या पोरींना दिले, मग समोरच्या संघालाही दिले, त्याही कुणाच्या लेकी. त्यांची ती दांडगी कॅप्टन तोंडात लाडू धरून माझ्याकडे बघत होती. विलास धावत आला. "आई, बस! अजून पेनल्टी हाय!"

"आता कशाला? बरोबरी झाली ना?"

"बाद फेरीत बरोबरी नसती गं!"

मग ते सुरू झालं. एकेकीने यायचं, बॉल ठेवायचा, आणि मधे माझी शीतल. मी पदर दातांत धरला. तीन बॉल तिच्या डावीकडून आत गेले. तिचा तो हात वर जातच नव्हता. आणि तो कशाने गेला, हे मला पक्कं माहीत होतं. चौथीने उजवीकडे मारला. शीतल अशी झेपावली की तिचे लांब हात त्या एका क्षणापुरतेच बनवलेले असावेत. बॉल बाहेर. आमच्या पोरींचे चारही आत गेले होते, पाचवाही गेला. जिंकलो.

मी मैदानात पळाले. हो, ह्याच गुडघ्यांनी. एका गणवेशातल्या माणसाने अडवलं तर त्यालाही लाडू दिला.

वडलांचा फोन आला. बरं, खेळ. त्या दोन शब्दांसाठी पोर अंग टाकत होती.

उपांत्य सामना लांब होता. अंगणात मोबाइल, भर दुपार, कांद्याची पात वाऱ्याने उडून पायात येत होती. समोरच्या संघाने पिंपरीची मॅच पाहिली असणार. पहिला गोल डावीकडून. दुसरा गोल डावीकडून. तिसरा मारायची त्यांना गरजच राहिली नाही. शीतल उठली, गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली, आणि मोबाइलमधली ती मुंगी मला आयुष्यात पहिल्यांदा माणसाएवढी दिसली. विलासने मोबाइल पालथा घातला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

वडील गुरुवारी सकाळी आले. सगळ्या देशाला रविवारी सुट्टी, आमच्या कंपन्यांना गुरुवारी; त्यामुळे पोरी घरीच होत्या. पांढरी टोपी, उन्हाने काळवंडलेला चेहरा, हातात पिशवी. दादाराव नाव. त्यांनी पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"घरची तुरीची डाळ हाय. पोरीला तुमी संभाळलंत. लई उपकार झाले."

शीतलच्या खोलीच्या दारात बॅग भरून ठेवलेली दिसत होती. ती उंबऱ्यात बसली होती, डावा हात मांडीवर ठेवून. बाकीच्या चौघी नळावर भांडी घासत होत्या, एकच पातेलं चौघी.

"दुपारची बस हाय परभणीची," दादाराव म्हणाले. "सेलूवाले सांजच्याला फोन करणारेत."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. आणि मग ते दोन शब्द निघाले. दोनाचे वीस झाले.

"दादाराव, पोर हरली ती माझ्यामुळं. चूक माझी हाय. हात तिचा माझ्यामुळं गेला."

"मला न्हाई कळलं, आजी."

"या. दाखवते."

त्यांना रानात नेलं. पोरी मागोमाग. दादाराव वाकले, बोटाच्या पेराने खळं ठोकलं. टक् टक् वाजलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं.

"झकास केलंय खळं. आमच्याकडं आता कुणी करीत न्हाई असं. सगळे मशीनवर जायलेत."

आणि सांगते, एवढ्या सगळ्यातही माझ्या मेल्या मनाला गुदगुल्या झाल्या.

"ह्याच्यावर ती पडायची," मी म्हटलं.

"कोण?"

"तुमची शीतल."

"पडायची कशाला? ती तर गोलात उभी असती ना?"

तेव्हा मला उमगलं की ह्या माणसाने आपल्या पोरीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. तो फक्त निकाल ऐकत होता. जिंकली, हरली. मधलं काही त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"शीतल," ते म्हणाले, "दाव बरं."

"दादा, कशाला आता?"

"दाव गं."

एकीने बॉल टाकला, हळूच, उजवीकडे. शीतलने झेप घेतली. गोणपाट नव्हतं. तो 'धप्' आवाज मी आजवर लांबून ऐकला होता, दूध काढताना, पात कापताना. चार हातांवरून ऐकला तेव्हा कळलं की तो बॉलचा, पीठ आपटल्यासारखा आवाज नव्हता, हाडांचा होता. दादारावांचा खांदा आपोआप आत ओढला गेला, जणू तेच पडले होते.

शीतल उठून कपडे झाडत होती. बॉल तिच्या पोटाशी होता.

"डावीकडं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडं आता येईना, दादा. बरं होईल म्हणले सर. महिना-दीड महिना."

त्यांनी टोपी काढून खिशात घातली.

"आजी, कुदळ हाय का?"

विलासने कुदळ आणली. दादारावांनी पोरीला विचारलं, "कुठवर पडतीस?" तिने दाखवलं. त्यांनी टाचेने रेघ ओढली आणि पहिला घाव घातला. खळं इतकं पक्कं होतं की कुदळ उडाली. मला लाज वाटली आणि किंचित अभिमानही, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या घावाला भाकरीएवढा पापुद्रा निघाला. माझ्या सासूच्या सासूची विद्या, तुकडे तुकडे होऊन निघायला लागली.

"पाणी मारा," ते पोरींना म्हणाले. "वाळू असंल तर चार पाट्या आणा. भुसा बी टाका. माती अशी पाहिजे, की बी टाकलं तर त्याला लागू नये."

पोरी पळाल्या. पातेलं नळाखाली तसंच वाहत राहिलं, नियम पुठ्ठ्यावर लटकत होते, आणि मी कुणाला ओरडले नाही. उन्हं चढली. दादारावांचा सदरा पाठीला चिकटला. मी घड्याळाकडे बघायचे आणि नजर वळवायचे. परभणीच्या बसची वेळ झाली. मग टळली. शीतल ओंजळीने ढेकळं फोडत होती, एका हाताने.

उजवीकडची जागा भुसभुशीत झाली तेव्हा त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. शीतलचा हात ढेकळावर थांबला. विलासने वाकून खिशातून डोकावणारं नाव वाचलं.

"सेलूवाले हायत, दादाराव. संध्याकाळची वाटच बघितली न्हाई त्यांनी."

"वाजू द्या," ते म्हणाले. "माझे हात मातीचे हायत."

आणि कुदळ घेऊन ते डावीकडे गेले.